मोठ्या बाईंचं स्पॅनिश

माझ्या सासूबाईंना स्पॅनिशचा एक शब्दही येत नव्हता, आणि स्पॅनिश मालिका त्यांना अथपासून इतिपर्यंत कळत असे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, शेवटच्या बाकावर काय चाललंय हे मला कधी कुणी उठून मराठीत सांगितलं नव्हतं. तरी कळायचंच ना?"

सासूबाई कराडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मुख्याध्यापिकेला मुलं मोठ्या बाई म्हणतात. त्या निवृत्त झाल्या, ते नाव काही निवृत्त झालं नाही. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या त्या मोठ्या बाईच. माझी बायको मंजिरी त्यांच्याच शाळेत शिकली, त्यामुळे आईला 'आई' म्हणण्याचा सराव तिला फक्त रविवारचा. मी तोंडावर 'आई' म्हणायचो आणि मनातल्या मनात उठून उभा राहायचो. त्या कधी आवाज चढवत नसत. राग आला की बोलणं बंद. एकदा म्हणे आख्ख्या सातवीशी त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात सातवीनं न सांगता वर्ग झाडला, खिडक्या पुसल्या, आणि शेवटी ज्यांनी काही केलंच नव्हतं अशा तिघांनी गुन्हा कबूल केला.

स्पॅनिश आमच्या घरात शिरलं ते माझ्या कंजूषपणामुळे. आम्ही टेक्सासमध्ये, प्लेनोला राहायचो. टेलिकॉमचा फुगा फुटला तेव्हा त्या फुग्यात बसलेल्या मंडळींपैकी मी एक. नोकरी गेली तशी मी घरखर्चावर कुऱ्हाड घेऊन धावलो आणि पहिला घाव केबलवर घातला. घर मंजिरीच्या पगारावर चालत होतं, सासूबाईंचं तिकीट आधीच काढलेलं होतं. सासू सहा महिन्यांसाठी यावी आणि जावई घरी बसलेला असावा, हा योग पत्रिकेतल्या कोणत्या घरात असतो मला ठाऊक नाही. आमच्या घरात तो हॉलमध्ये सोफ्यावर होता.

टीव्हीवर मी दोन शिंगांची ॲन्टेना बसवली आणि तिला स्वयंपाकघरातली चांदीसारखी फॉइल गुंडाळली. मी इंजिनिअर आहे, हे सांगायला हवं. सगळ्या इंग्रजी चॅनेलवर बर्फ पडायला लागला. त्या बर्फातून एकच चॅनेल लख्ख, खणखणीत दिसायचं, आणि ते स्पॅनिश होतं. "असू दे," सासूबाई म्हणाल्या. "माणसंच आहेत ना त्यात?"

माणसं होतीच, आणि त्यांची बारशी मोठ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात उरकली. ज्याची शेकडो एकर जमीन तो 'इनामदार'. त्याची बायको, जिची डावी भुवई कायम कपाळाच्या मध्यावर असे, ती 'भुवई'. रोज संध्याकाळी सात वाजता त्या मेथीची जुडी नाहीतर मटारच्या शेंगा घेऊन बसत आणि हातानं निवडता निवडता तोंडानं मराठीत मालिका सांगत. "ही म्हणतेय, माझ्या जिवंतपणी या घरात ती पोरगी येणार नाही. तो म्हणतोय, मग तू कधी..." मी आपला शेजारी बसून नोकरीचे अर्ज भरायचा देखावा करायचो. अर्ज सोडून मी कधी मालिकेत अडकलो ते कळलंच नाही. आमची सई तेव्हा चार वर्षांची. मंडळाच्या गणपतीत प्रसाद हातावर पडताच ती सर्वांसमोर थँक्यूऐवजी "ग्रासियास" म्हणाली आणि काकवांनी मंजिरीकडे असं पाहिलं की जणू आम्ही पोरीला दत्तक दिलंय.

त्या पहिल्या मुक्कामातल्या मालिकेत एक तरुण केशभूषाकार होता. गळ्यात रंगीत रुमाल, चालताना कमरेला झोल, बोलताना बोटं हवेत. तो आला की मागे पिपाणी वाजे आणि घरातले सगळे हसत. दुसरं काम त्याला नव्हतंच. मीही हसलो. मोठ्या बाईंचे हात थांबले. त्यांचे हात थांबले की समजावं, काहीतरी नोंदलं गेलं.

"या रुमालवाल्याला घर नाही का हो?" त्या म्हणाल्या.

"असेल की."

"मग दाखवत का नाहीत? सगळ्यांची घरं दाखवतात. भुवईच्या कुत्र्याचं घर दाखवलं. हा नुसता येतो, हसवतो, जातो. ज्या मुलाला वर्ग हसतो ना, त्याला मी पहिल्या बाकावर बसवायची. माझ्यासमोर. बघू कोण हसतंय." एवढं बोलून त्यांनी मेथीचं देठ असं तोडलं की माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

त्या परत गेल्या, मला नोकरी लागली, केबल मात्र मी पुन्हा घेतलं नाही. एकदा पैसे वाचवायची सवय लागली की ती सुटत नाही, असं मी लोकांना सांगायचो. खरं तर मला संध्याकाळी सातला इंग्रजीत करमत नसे.

दुसऱ्यांदा त्या आल्या २००४ मध्ये, आणि या वेळी त्यांच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि तीन मुलींच्या पत्रिका होत्या. मोहीम होती धाकट्या मुलाची, म्हणजे माझ्या मेव्हण्याची. निखिल सव्वीस वर्षांचा. ओहायोला डब्लिनमध्ये दोन वर्षं नोकरी करून आदल्या वर्षी आमच्या प्लेनोत बदली घेऊन आला होता. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला तो आणि त्याला आई. तीन पत्रिकांपैकी ह्यूस्टनची मुलगी मोठ्या बाईंच्या मनात भरली होती. "दंतवैद्य आहे. शिवाय उंच. पुढच्या पिढीची सोय झाली."

गोष्ट अशी होती की निखिलनं त्याआधीच्या हिवाळ्यात मला आणि मंजिरीला समोर बसवून सांगितलं होतं की आपण गे आहोत आणि लुईस नावाच्या मुलाबरोबर राहतो आहोत. मंजिरी आधी रडली, मग तिनं त्याला पोटाशी धरलं, आणि मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी भारदस्त बोलायची ती वेळ होती. मी म्हटलं, "चहा टाकू का?" निखिल अजून सांगतो की दाजींची रिॲक्शन बेस्ट होती. चहात मी साखर घालायची विसरलो होतो, ते मात्र तो सांगत नाही.

आईला सांगणार का, असं मंजिरीनं विचारल्यावर त्यानं कप खाली ठेवला. "ती ओरडली तर मी हॅन्डल करीन गं ताई. घराबाहेर काढलं तरी ठीक आहे, माझं घर आहे. पण ती सातवीशी वागली तशी वागली तर? ती माझ्याशी बोलायचीच थांबली तर मी काय करू?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. सुदैवानं पंचांगाकडे होतं. त्या वर्षी श्रावण अधिक होता, आणि अधिक महिन्यात लग्नाची बोलणी करत नाहीत. ह्यूस्टनची भेट महिनाभर पुढे गेली. पंचांगावर माझा विश्वास नाही असं मी तोवर चारचौघांत ठणकावून सांगत असे. त्या महिन्यात मी ते भिंतीवरून काढून पुसून पुन्हा लावलं.

लुईसची ओळख 'निखिलचा मित्र' अशी करून देण्यात आली. तो लॅरेडोचा, मेक्सिकन आईबापांचा मुलगा, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल इतका उंच आणि त्या मानानं फारच मऊ आवाजाचा. दर शुक्रवारी दोघं जेवायला येत. पहिल्याच शुक्रवारी त्यानं टीव्हीकडे पाहिलं आणि आनंदानं म्हणाला, "माझी आईसुद्धा हेच बघते!" आणि मोठ्या बाईंच्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याचं इंग्रजी करायला लागला. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचं इंग्रजी शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांशी बोलण्याचं होतं. "यंग मॅन," त्या म्हणाल्या, "आय ॲम अन्डरस्टँडिंग. यू आर डिस्टर्बिंग."

पण हळूहळू त्यांनी त्याला नोकरीवर ठेवलं. त्याच्यापुढे मटारच्या शेंगा सरकवल्या. तो सोलायचा आणि भाषांतर करायचा. त्याचं इंग्रजी ऐकून त्या त्यात मराठीतून दुरुस्त्या करायच्या. "नाही, नाही, ती तसं म्हणत असेल, पण तिच्या मनात ते नाहीये. भुवई बघ." लुईस निखिलला विचारायचा, बाई काय म्हणताहेत? निखिल सांगायचा आणि लुईस थक्क होऊन म्हणायचा, "शी इज राइट!" तो त्यांना 'मोत्या बाई' म्हणायचा. ठ त्याच्या तोंडात शेवटपर्यंत बसला नाही आणि त्या जन्मभर मुलांकडून 'ठ' घोटून घेत आल्या असल्या तरी त्याला एकदाही त्यांनी सुधारलं नाही. जिची एकही चूक कधी सुटली नव्हती त्या मंजिरीला हे बघून जरा वाईट वाटलं.

आता नेमकी याच वेळी मालिकेत भानगड सुरू झाली. ही मालिका नवी, इनामदारही नवा, पण भुवई तीच. ती नटी बहुधा कायमच आई व्हायची. तिला तीन मुलगे. थोरला दारू प्यायचा, धाकटा गाणी म्हणायचा, आणि मधला. मोठ्या बाईंनी त्याला 'मधला' याहून वेगळं नाव दिलंच नाही. शांत मुलगा. घोड्यांचा डॉक्टर तबेल्यात यायचा, तेव्हा हा मधला कंदील धरून उभा राहायचा. पहिल्यांदा घोडा आजारी होता म्हणून. पुढे घोडा टुणटुणीत झाला तरी कंदील काही खाली जाईना.

मला घाम फुटला. सासूबाईंना यातून काही कळलं तर? मी माझ्या परीनं कथानकात हस्तक्षेप सुरू केला. कंदील दिसला की मी ॲन्टेनाशी खुडबुड करायला उठायचो. एकदा तर सात वाजून पंचवीस मिनिटांनी मी व्हॅक्यूम क्लीनर लावला. दहा वर्षांच्या संसारात मी तो पहिल्यांदाच हातात घेत होतो आणि तो सुरू कुठून होतो हे मंजिरीला विचारावं लागलं.

"जावईबापू," मोठ्या बाई म्हणाल्या, "बाजूला व्हा. तुमची सावली इनामदाराच्या जमिनीएवढी पडलीय."

लुईस एकदा बाहेर गाडीपाशी माझ्याशी बोलला. म्हणाला, लॅरेडोला माझी आई हीच मालिका याच वेळी बघते. तिला माझं माहीत आहे, मी सांगितलंय. तिनं काहीच म्हटलं नाही. पण हा मुलगा पडद्यावर आला की ती उठून स्वयंपाकघरात जाते. काम काही नसतं. नळ सोडते, बंद करते. त्याचा सीन संपला की परत येते. मी त्याच्या गाडीच्या टायरमधली हवा कमी आहे असं सांगितलं.

मग तो शुक्रवार आला. पडद्यावर मधला आईसमोर उभा होता. तिच्या खोलीत, तिच्या आरशासमोर. तो बोलत होता आणि रडत होता. भुवई आरशातूनच त्याच्याकडे बघत होती. आमच्या हॉलमध्ये मी उठलो होतो, पण ॲन्टेनापर्यंत पोचलो नाही, कारण मंजिरीनं माझा शर्ट मागून धरला होता.

"काय म्हणतोय?" मोठ्या बाईंनी लुईसला विचारलं. इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ.

लुईसच्या हातात शेंग तशीच राहिली. "ही सेज..." तो निखिलकडे न बघता म्हणाला, "ही सेज, मामा, आय फेल्ड द एग्झॅम."

मोठ्या बाईंनी टीव्हीकडे पाहिलं. मग लुईसकडे. मग म्हणाल्या, मराठीतच, सावकाश, "नापास झालेला मुलगा असा रडत नाही. मी आयुष्यभर नापास मुलं बघितलीत. नापास झालेला आईच्या हाताकडे बघतो, मार पडेल का म्हणून. हा तिच्या तोंडाकडे बघतोय."

निखिलनं ते लुईसला सांगितलं नाही. तो सोफ्यावरून उतरून आईसमोर खाली बसला, मटारच्या टोपल्याच्या पलीकडे. त्याला स्पॅनिश माझ्यापेक्षा दोन शब्द जास्त येत असेल. पण त्यानं मराठीतून सांगितलं, एकेक वाक्य. "तो म्हणतोय, आई, तो डॉक्टर माझा नुसता मित्र नाही. तो म्हणतोय, माझं त्याच्यावर प्रेम आहे. मुलीवर कधीच नव्हतं. तो म्हणतोय, तुला सांगायची भीती वाटते, कारण तू बोलायचं बंद केलंस तर मला दुसरं कुणी नाही."

तोवर पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती. तरी मोठ्या बाई तिकडेच बघत होत्या.

"हे मधला म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"नाही," निखिल म्हणाला.

त्या उठल्या. पदराला चिकटलेली सालं झटकली आणि स्वयंपाकघरात गेल्या. लुईसनं डोळे मिटून घेतले. नळ सुटल्याचा आवाज आला. मंजिरी मागोमाग गेली, तेव्हा आतून आम्हाला एवढंच ऐकू आलं, "जुने तांदूळ आहेत का घरात? बासमती नको."

आणि त्यानंतर बोलणं बंद.

शनिवारी त्या बोलल्या नाहीत, रविवारी नाहीत. सातवीसारखं मी न सांगता गराज झाडलं. भिजवलेल्या तांदळाचं पाणी त्या रोज बदलत होत्या. अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात, तीस आणि तीन, ही माहिती मला होती, आणि एवढ्या संकटातही माझ्या जिभेनं ती लक्षात ठेवली होती. निखिल रोज ऑफिसातून फोन करायचा.

"दाजी, बोलली?"

"नाही रे."

"रडली?"

"नाही. तांदूळ निथळवलेत. माझ्या इंटरव्ह्यूसाठी राखलेल्या कोऱ्या पंच्यावर पसरलेत."

"इंटरव्ह्यूला तुम्ही पंचा नेसता?"

"अंघोळीचा रे! तिकडे लक्ष नको देऊ. माझ्याशीपण बोलत नाहीयेत."

"मग तांदळाचा अर्थ काय?"

"अर्थ हा, की मला वाण मिळणार."

"काँग्रॅच्युलेशन्स," निखिल म्हणाला आणि फोन ठेवला. मला माझीच लाज वाटली, पण अनारशाचं पीठ तोवर गुळात मळून डब्यात मुरायला ठेवलं होतं आणि वासावर माणसाचा ताबा नसतो.

रोज सातला मात्र त्या टीव्हीसमोर बसायच्या. हातात काही नाही. भुवई मधल्याशी बोलत नव्हती. पलीकडे पडद्यावर एक आई गप्प, अलीकडे दुसरी. मधे मी. गुरुवारी भुवईनं एक बॅग भरली आणि मधल्याला विमानात बसवून दिलं, कुठल्यातरी परदेशात, शिकायला म्हणे. घोड्यांच्या डॉक्टरचं काय झालं ते सांगितलंच नाही. विमान ढगात गेलं, संगीत वाजलं आणि पुढच्याच सीनमध्ये धाकट्याचं लग्न सुरू.

"मूर्ख!" मोठ्या बाई ओरडल्या. मी दचकून उभा राहिलो. त्या ओरडताहेत हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मूर्ख आहेत हे लिहिणारे! असला मुलगा आणायचा तर गळ्यात रुमाल बांधून नाचवायचा, नाही तर विमानात बसवून पाठवायचा. अहो, घरात का बसवत नाहीत? एवढं मोठं टेबल आहे त्या इनामदाराकडे, वीस माणसं जेवतात. एक ताट जास्त झालं असतं तर काय भुवई खाली पडली असती?"

"आई..." मंजिरी म्हणाली.

"रविवारी दोघांना जेवायला बोलव," त्या म्हणाल्या. "आणि साजूक तूप आण. जावईबापूंना पाठवू नकोस, ते स्वस्तातलं आणतात."

रविवारी मोठ्या बाईंनी डायनिंग टेबलाच्या खुर्च्यांखाली पिठाची रांगोळी घातली. पहिला अनारसा तुपात पडताच विरघळून पसरला. अनारसा असा फसला की तो हसला म्हणतात. "हसू दे," त्या म्हणाल्या, "घरात कुणीतरी हसायला हवंच होतं." पुढचे मात्र जाळीदार, खसखशीची बाजू वर, लालसर निघत गेले. तेवढ्यात धुराची घंटी कोकलायला लागली. अमेरिकेत आपल्या सणाची बातमी सर्वात आधी तिला लागते. मी टॉवेल फडकावत खाली नाचत होतो, तेवढ्यात दोघं आले. लुईसनं परिस्थिती पाहिली, हात वर केला आणि स्टुलावर न चढता घंटी बंद केली.

"बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, "उंची ह्यूस्टनहूनच आणायला पाहिजे असं नाही."

निखिल दारातच थांबला होता. त्या त्याच्याजवळ गेल्या. पुढचं त्या हळू बोलल्या, पण आमचं घर लहान आणि माझे कान मोठे. "मला राग आलाय. तुझा नाही, पण कुणाचा ते अजून कळलं नाहीये. तो जायला वेळ लागेल. पण म्हणून तू तोवर उपाशी का राहायचं? बस."

टेबलावर दोन तबकं होती, दोन्हींत अनारसे, वर दिवा. एक माझ्यासमोर ठेवलं. दुसरं घेऊन त्या लुईससमोर उभ्या राहिल्या. मंजिरी पुटपुटली, "आई, वाण जावयाला देतात ना?"

"माझ्या मुलानं ज्याला घरी आणलं त्याला मी देतेय. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही मागून सावकाश ठरवा. मला शास्त्र शोधत बसायला वेळ नाही, कढईत तूप तापलंय."

त्यांनी लुईसला ओवाळलं. तो इतका खाली वाकला की त्याचे केस दिव्याला लागणार होते. त्याचे डोळे भरले आणि त्यानं निखिलला विचारलं, याचा अर्थ काय? निखिलला सांगता येईना. मग मीच साहेबी इंग्रजीत सांगितलं की याचा अर्थ असा, की हे सगळे तूच खायचे आहेत, आणि तुला नको असतील तर मी शेजारीच बसलोय.

"आणि ह्यूस्टनचं?" जेवताना मंजिरीनं घाबरत विचारलं.

"कालच फोन केला. आमच्याकडचं ठरलंय म्हटलं. मुलीची आई विचारायला लागली, कोण, कुठलं? म्हटलं, लॅरेडोचं. माणूस चांगला आहे, भाषांतर वाईट करतो." मग लुईसकडे वळून त्यांनी एक डबा पुढे केला. लॅरेडोच्या नळाची गोष्ट माझ्याकडून मंजिरीकडे आणि मंजिरीकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती. पुढचं त्यांना इंग्रजीत जमेना, म्हणून निखिलला म्हणाल्या, "याला सांग, हा आईला पाठव. म्हणावं, त्या वेळी मीही उठून स्वयंपाकघरातच गेले होते. नळ मीही सोडला. पण गेलंच आहे तर येताना काहीतरी करून आणावं."

व्हिसा संपला आणि त्या परत गेल्या. विमानतळावर त्यांनी मला नमस्कार करू दिला, निखिलच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लुईसला बजावलं, "नो मोर एग्झॅम." कराडहून त्यांचे फोन यायचे. माझी चौकशी अर्धं वाक्य, भुवईची पाच मिनिटं. ती चौकशी थेट लुईसकडे. "आपल्याकडच्या मालिकांत तर असा मुलगा विमानात बसवायलासुद्धा नाही," त्या म्हणायच्या. "रुमालवाला तेवढा आहे. तुमची भुवई त्या मानानं पुढारलेली."

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. कुणाच्या तरी बॅगेतून त्यांनी दोन डबे पाठवले, एकावर 'जावईबापू', दुसऱ्यावर 'लुईस'. लुईसचा डबा किंचित मोठा होता. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. मंजिरी म्हणाली, शोभतं का या वयात? शोभत नाही, पण मोठा होता.

२००८च्या पावसाळ्यात मोठ्या बाई गेल्या. मंजिरी आणि निखिल कराडला जाऊन आले. परत आल्यावर निखिल म्हणाला, "दाजी, शेवटपर्यंत बोलत होती. एक मिनिट गप्प नव्हती." त्यानं ते इतक्या वेळा सांगितलं की मला कळलं, त्याला किती हायसं वाटलं होतं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी लुईसची आई पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली. ठेंगणी, अबोल बाई. चार वर्षांत ती लेकाच्या घरीसुद्धा क्वचितच आली होती. येताना तिनं मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच पानांत बांधून उकडलेले पातेलंभर तमाले आणले होते. सात वाजले तशी तिची नजर टीव्हीकडे गेली. मी फॉइल नीट केली. नवी मालिका, नवं घर, मोठं टेबल. एक तरुण मुलगा दार उघडून आत आला, त्याच्या मागे आणखी एक तरुण, आणि पहिल्यानं दुसऱ्याचा हात धरलेला होता. टेबलावरचे सगळे हातातले चमचे ठेवून बघायला लागले.

लुईसची आई उठली. आमच्या स्वयंपाकघरात गेली.

लुईस आणि निखिल सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते. कुणी कुणाकडे बघितलं नाही. आत नळ सुटला. बंद झाला. मंजिरीनं माझा शर्ट धरला. मी तर उठलोसुद्धा नव्हतो.

पडद्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, आणि त्याच वेळी ती बाहेर आली. हातात तमालेची वाफाळती बशी. सोफ्यापाशी येऊन ती दोघांकडे बघत स्पॅनिशमध्ये तीन-चार शब्द बोलली. लुईसनं भाषांतरासाठी तोंड उघडलं.

"राहू दे रे," मी म्हटलं. "कळलं मला. सरका म्हणतेय."

दोघं सरकले. ती मध्ये बसली.